तीन ते सहाची मावशी

रत्नागिरी, ता. ६ नोव्हेंबर १९३३

तीर्थरूप बकुळाआक्कास,

नमस्काराआधी हे कळावं की तिघंही धडधाकट पोचलो. आगबोटीतून पडावात उतरताना जनीने सगळ्या बंदराला ऐकू जाईल असा गळा काढला. "मोठीआयकडं जायचंय," एवढं एकच. मी पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात होते ती दोन वर्षं तूच त्यांची आई होतीस, तेव्हा मी काय बोलणार? दादू रडला नाही, पण त्याने माझा हातही धरला नाही.

जागा बरी मिळाली आहे. दोन खोल्या, मागे विहीर. घरमालकीण सखूबाई विधवा आहेत, गळ्यात तुळशीची माळ. मासळी घरात शिजायची नाही, एवढी त्यांची एक अट. "कुठल्या तुम्ही?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी "दापोलीकडच्या" म्हणाले. बुरोंडी दापोलीकडेच आहे, तेव्हा खोटं काही बोलले नाही. होडी आणि मासळीच्या पाटीपर्यंत जायची मला गरज वाटली नाही.

आता अडचण सांगते. माझी मुलींची शाळा अकरा ते पाच, वर मोठ्या मुलींचा शिवणाचा तास. घरी यायला सहा. दादू दुसरीत आणि जनी बिगरीत, दोघांची शाळा तीनलाच सुटते. पहिले तीन दिवस जनीला माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसवलं. मुख्य बाई म्हणाल्या, "बाई, पोरं घरी ठेवून यायचं. अजून कायम झाला नाहीत तुम्ही." चौथ्या दिवशी दोघांना पायरीवर बसायला सांगून गेले. परत आले तर जनी विहिरीच्या काठावर ओणवी. वाकून आत कोण आहे ते बघत होती म्हणे. सखूबाईंनी परकर धरून मागे ओढलं म्हणून बरं. एरवी त्या रोज दुपारी पोथीला जातात, त्या दिवशी नेमक्या लवकर आल्या होत्या.

तू निघताना बजावलंस ते मी विसरले नाही. नाताळापर्यंत पोरांची नीट सोय लागली नाही तर तू येऊन त्यांना परत नेणार. आक्का, ती वेळ येऊ द्यायची नाही मला. हे गेल्यानंतर मी जे काही केलं ते पोरं माझ्याजवळ राहावीत म्हणून केलं. पण माणूस हवं. सबंध दिवसाचं नको, फक्त तीन ते सहा. ओळखीतलं कोणी आहे का?

तुझी
कमळा


बुरोंडी, कार्तिक वद्य दशमी

चि. कमळीस,

आशीर्वाद आहेतच, पण विहिरीचं वाचून माझ्या हातातली कोयती गळून पडली. माझं अक्षर वाकडं आहे हे मला माहीत आहे. तूच शिकवलंस, तेव्हा नावं ठेवू नकोस.

शहरात गेल्यावर माणसं विसरतात असं ऐकलं होतं, पण इतक्या लवकर? चिमामावशी नाही का? तिची तुळसा रत्नागिरीच्या खाडीपलीकडच्या वाडीत दिली आहे, आणि मावशी आता लेकीकडेच असते. तरीच्या होडीत बसलं की खाडी ओलांडून तुझ्या दारात.

आई पाटी घेऊन बाजाराला जायची तेव्हा आपल्याला कोण बघायचं? तू शाळेतून आलीस की तिच्याच ओट्यावर बसायचीस. ती जाळं विणायची आणि तुला पाढे म्हणायला लावायची. तिला स्वतःला वीसच्या पुढे मोजता येत नव्हतं, पण तू चुकलीस की तुझ्या तोंडावरून ओळखायची. आता तुझ्या पोरांचे पाढे ऐकेल.

मी रत्नागिरीला जाणाऱ्या महिपतच्या मचव्यातून निरोप धाडला आहे. येईल ती. फक्त एक ध्यानात ठेव. ती कामाला म्हणून येणार नाही, मावशी म्हणून येईल. पैशाचं नाव काढलंस तर पाटी डोक्यावर घेऊन चालू पडेल. संक्रांतीला लुगडं घे, बस.

बकुळा


रत्नागिरी, ता. २३ नोव्हेंबर १९३३

तीर्थरूप आक्कास,

तुझे उपकार कसे फेडू? मावशी सोमवारपासून येते. आली ती कमरेला खोचलेल्या पुरचुंडीत पोरांसाठी भाजलेल्या काजूबिया घेऊन. जनी तिच्या मांडीवरून हलत नाही. दादूला तिने पहिल्याच दिवशी सुतळीची गाठ शिकवली, आणि तो आता घरातलं दिसेल ते बांधून ठेवतो. मी सहाला येते तेव्हा दोघांचे हातपाय धुतलेले असतात. काल तर मी शाळेत पहिल्यांदा घड्याळाकडे न बघता शिकवलं.

एक सांगते, रागावू नकोस. इथे शाळेतल्या बाईला रस्त्यावरून कोणी "गो कमळे" अशी हाक मारली तर बरं दिसत नाही. सखूबाई समोरच बसलेल्या असतात, शेजारपाजारचे कान असतात. म्हणून मी मावशीला म्हटलं की मला बाई म्हणत जा. ती हसली आणि "बरं, बाई," म्हणाली. तिला त्याचं काही वाटलं नाही. बसते ती बाहेर पायरीवर. तिथे उजेडही चांगला आहे.

नाताळात तू पोरांना न्यायला येऊ नकोस. पाहुणी म्हणून ये.

कमळा


बुरोंडी, मार्गशीर्ष शुद्ध नवमी

चि. कमळीस,

तिला काही वाटलं नाही हे तुला कोणी सांगितलं? तिने? की तूच ठरवलंस? असो. तुझं शहर तुला माहीत.

पण दुसरं सांगायचं आहे आणि ते नीट वाच. परवापासून एकादशी, द्वादशी, त्रयोदशी. दुपारची ओहोटी. खाडीतली तर चिखलात रुतून बसणार, तिला पाणी लागायला संध्याकाळ होईल. दर पंधरा दिवसांनी हे असंच व्हायचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे काही मी तुला शिकवायला नको. त्या तीन-चार दिवसांची दुसरी सोय कर. मुख्य बाईंना सांग, शिवणाचा तास बदलून माग, काय वाटेल ते कर. मावशी म्हणेल, मी चिखलातून चालत येते. येऊ देऊ नकोस. साठी उलटली आहे तिची, आणि त्या खाडीच्या बुडाला दगडागणिक कालवं आहेत. सुरीसारखी धार असते त्यांच्या शिंपांना.

बकुळा


रत्नागिरी, ता. ५ डिसेंबर १९३३

तीर्थरूप आक्कास,

पत्र मिळालं. ओहोटीच्या दिवसांची सोय केली आहे, तू काळजी करू नकोस. शाळेत तपासणी आहे म्हणून थोडक्यात लिहिते. पोरं मजेत.

कमळा


बुरोंडी, पौष शुद्ध तृतीया

कमळे,

महिपत काल रत्नागिरीहून आला. तुळसाने त्याच्यापाशी निरोप दिला आहे की मावशी आठवडाभर अंथरुणाला खिळली आहे. पाय घोट्यापर्यंत काळानिळा झालाय, अंगात ताप. कसं झालं विचारलं तर सांगत नाही. तुझ्याकडचं काम का सुटलं विचारलं तर म्हणते, "म्हातारी झाले मी. बाईंची काय चूक नाय."

महिपत मला विचारतो, "ह्या बाई कोण?" मी काय सांगू त्याला?

तू लिहिलंस की सोय केली आहे. काय सोय केलीस ते मला कळव. परतीच्या टपालाने कळव, आणि या वेळी थोडक्यात लिहू नकोस.

बकुळा


रत्नागिरी, ता. २४ डिसेंबर १९३३

आक्का,

तीर्थरूप वगैरे लिहायला हात धजत नाही. सगळं सांगते.

सोय मी काहीच केली नव्हती. खोटं लिहिलं. अडचण कळली असती तर तू पोरांना न्यायला निघाली असतीस, म्हणून लिहिलं.

मावशी आली त्या पहिल्याच दिवशी तिने मला सांगितलं होतं. पायरीवर उभं राहून म्हणाली, "ओहोटीला खाडीतली तर नाय चालायची गो. त्या दिवशी मला उशीर व्हईल." सखूबाई आत तांदूळ निवडत होत्या. मी मोठ्याने म्हटलं, "ओहोटी-बिहोटी मला काही कळत नाही. तीन म्हणजे तीन. शाळा घड्याळावर सुटते." मी म्हटलं हे, आक्का. चालायला लागल्यापासून जी मी पाणी बघून दिवसाची वेळ सांगत आले, तिने. बुरोंडीच्या होडीवाल्याची पोर आहे हे सखूबाईंना कळू नये म्हणून. मावशीने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि "बरं, बाई," म्हणाली. त्यानंतर तिने भरतीचं नाव माझ्यापाशी काढलं नाही.

पहिल्या ओहोटीला ती चालत आली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं. मला दिसलं आणि मी दुसरीकडे बघितलं. तुझं पत्र त्यानंतर दोन दिवसांनी आलं, आणि दुसऱ्या ओहोटीला चांगले दहा दिवस होते. शिवणाचा तास बदलून मागायचं माझ्या मनात होतं. मुख्य बाईंनी कारण विचारलं असतं. कारण काय सांगायचं, म्हणून मागितलाच नाही.

वद्य एकादशीचा दिवस. तपासणीमुळे शिवणाचा तास झाला नाही आणि मी पाचलाच घरी आले. मावशी पायरीवर पाय लांब करून बसली होती. मांड्यांपर्यंत चिखल, पायरीवर चिखल, मांडीवर जनी. माझ्या मागोमाग सखूबाई पोथीहून आल्या, तिच्याकडे बघत आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या नि फडकं घेऊन बाहेर आल्या. मला वाटलं, पायरी धुवायला आल्या. आता विचारणार, ही बाई कोण, कुठल्या खाडीतून येते, तुमची कोण लागते. त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच ओरडले. "किती वेळा सांगायचं पाय धुऊन येत जा म्हणून? पायरी घाण करायला बोलावलं का तुला? उद्यापासून यायचं नाही."

पाय धुऊन ये असं मी तिला त्याआधी एकदाही सांगितलं नव्हतं. "किती वेळा" हे सखूबाईंना ऐकवायला होतं.

मावशीने जनीला अलगद खाली ठेवलं. उठताना तिने भिंत धरली. "बरं, बाई," म्हणाली आणि गेली. सखूबाईंनी तांब्या तिथेच ठेवला आणि आत गेल्या. ती बसली होती तिथला चिखल तांबडा होता, आक्का. आपल्या मातीसारखा तांबडा नव्हे. मला कळलं तो कशाने तांबडा आहे ते. आणि मी काय केलं? त्याच तांब्यातलं पाणी ओतून पायरी धुतली, झोपायच्या आधी देवाला दिवा लावला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. दहा दिवस मी पोरांना शाळेच्या शिपाईणबाईकडे बसवत होते.

तुझं पत्र आलं आणि आज रविवार म्हणून भरती बघून पोरांना घेऊन वाडीत गेले. तुळसाने दार उघडलं. मावशी निजली होती. पायाकडे बघवेना. टाचेपासून बोटांपर्यंत कालवांनी फाडलेलं आणि सगळं सुजून चकाकत होतं. मी उद्याच इस्पितळातल्या डॉक्टरांना घेऊन जाणार आहे, ते यायला कबूल झाले आहेत. मला बघून मावशी उठायला लागली. तुळसाला म्हणाली, "शाळेतल्या बाई आल्यात गो, चटई टाक." टोमणा नव्हता. मी शोधला, तिच्या आवाजात तो नव्हता.

जनी धावत तिच्या कुशीत शिरली. दादू अंगणातच उभा. मी म्हटलं, "ये की आत." तो म्हणाला, "मोलकरणीच्या घरात मी येणार नाही."

सगळ्यांनी ऐकलं. तुळसाने माझ्याकडे बघितलं. मावशीने कोणाकडेच बघितलं नाही. ती जनीचे केस सारखे करत राहिली. आणि हा तोच दादू, ज्याला तू दोन वर्षं तिच्याच नात्यागोत्यात वाढवलंस. मोलकरीण हा शब्द त्याने कुठे ऐकला हे मला विचारावं लागलं नाही. शेजारणींना मी तेच सांगत होते.

मी शरमेने मेले असं लोक नुसतं म्हणतात. मी जिवंत राहून तिथे बसले होते, चटईवर, आणि तुळसाने दिलेलं पाणी प्याले.

आक्का, नाताळची सुट्टी लागली आहे. ये आणि पोरांना घेऊन जा. मी अडवणार नाही. मुलींना मी कित्त्यात खरं बोलायला शिकवते आणि घरात पोरांना हे शिकवते. माझ्यापासून जे उचललंय ते विसरेपर्यंत त्यांना तुझ्याकडेच ठेव.

कमळा


बुरोंडी, पौष शुद्ध एकादशी

चि. कमळीस,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तू समोर असतीस तर तुझ्या कानाखाली वाजवली असती. दुसऱ्यांदा रडले. तिसऱ्यांदा वाचलं आणि मग हे लिहायला घेतलं.

पोरं मी नेणार नाही.

तुला ते सोयीचं पडेल. पोरं इकडे आली की तू एकटी, आणि एकट्या माणसाला कोण बघतंय? महिन्याभरात सगळं विसरशील. दादू तुझ्यापाशी बिघडला, तुझ्यापाशीच सुधारेल. मी त्याला इथे चार चापट्या मारून मावशीच्या पाया पडायला लावीन, पण तो माझ्या भीतीने पडेल. त्यात काय अर्थ?

आता सांगते तसं करायचं. तुळसा रोज शहरात मासळी विकते आणि दुपारच्या तरीने घरी जाते. तिला मी कळवलंय. शाळा उघडली की तीन वाजता तिने दोघांना बाजारातून आपल्याबरोबर चालवत न्यायचं, डोक्यावर पाटी तशीच ठेवून. तोवर सुट्टीत तू न्यायचंस. तू तिथे जायचंस आणि मावशीचा पाय आपल्या हाताने धुवायचास. पाणी दादूने ओतायचं. ओतत नसेल तर तू थांबायचंस, त्याने ओतेपर्यंत. तीन ते सहा पोरांना कोणीतरी बघायला हवं होतं ना तुला? आता पोरंच मावशीला बघतील.

आणि सखूबाईंना तू स्वतःच्या तोंडाने सांगायचंस. खोली गेली तर गेली.

बकुळा


रत्नागिरी, ता. ७ जानेवारी १९३४

तीर्थरूप आक्कास,

कमळाचा नमस्कार घेशील अशी आशा आहे.

पाय वाचला. डॉक्टरांनी दोनदा चिरून पू काढला. आणखी चार दिवस गेले असते तर घोट्यापासून काढावा लागला असता, म्हणाले. मावशी आता काठी घेऊन अंगणापर्यंत येते, टाच मात्र टेकत नाही आणि बहुधा टेकणारही नाही. चिखलातून चालणं संपलं तिचं. ते मी संपवलं.

दादूने पहिले तीन दिवस घागरीला हात लावला नाही. मी पाय हातात धरून बसून राहिले. मावशी म्हणत होती, "जाऊ दे, पोर हाय." मी उठले नाही. चौथ्या दिवशी त्याने पाणी ओतलं, पण तोंड फिरवून. काल ओतताना त्याने विचारलं, "दुखतंय?" ती म्हणाली, "तू हळू ओततोस, तेव्हा नाय दुखत." घरी येताना तरीत त्याने माझ्याजवळ बसून विचारलं, मावशीचा पाय कशाने कापला. मी त्याला सगळं सांगितलं. कालवांनी कापला, आणि ती चालत का आली, आणि मी तिला काय बोलले. तो ऐकत होता. मग उठून तरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. त्याचं बरोबर आहे.

तुळसा परवापासून पोरांना बाजारातून नेते. मुख्य बाईंनी बघितलं. विचारलं तेव्हा मी म्हटलं, माझी मावसबहीण आहे. त्यांनी भुवई वर केली आणि हजेरीपट काढला. नोकरीचं काय होईल ते मार्चमध्ये कळेल.

सखूबाईंना सांगायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. काल सांगितलं. म्हटलं, मी बुरोंडीची, आमच्या घरी होडी आहे, आणि त्या दिवशी जिला मी हाकललं ती मोलकरीण नव्हती, तिने मला लहानाची मोठी केलं. खोली सोडायची असेल तर सोडते. त्या वाती वळत होत्या, वळतच राहिल्या. म्हणाल्या, "होडीचं मला ठाऊक आहे. तुझी जनी आल्या दिवशीच सगळं सांगून मोकळी झाली."

मी म्हटलं, "मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? माळ माझ्या गळ्यात आहे, तुझ्या नव्हे. चुलीवर मासळी नको म्हटलं होतं मी. म्हातारीला बाहेर पायरीवर बसव असं म्हटलं होतं का?"

मग त्यांनी पुढची वात वळायला घेतली. ओहोटीच्या दिवशी पोथीला न जाता पोरांना मी बघेन, म्हणाल्या. मी उठले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे वर बघितलं. "तिचे पाय बघून माझ्याने राहवेना म्हणून मी तांब्या नि फडकं आणलं होतं. तिच्या पायांसाठी. तू ते पाणी पायरीवर ओतलंस."

आक्का, तांब्या मला दिसला होता. फडकंही दिसलं होतं. ते कशासाठी असेल असा विचार आला तेव्हा मला फक्त माझी पायरी सुचली.

कमळा